लोकरीच्या झग्यातला संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, असे लोक म्हणतात. खरे सांगायचे तर माझे वय अवघे आठ वर्षांचे. तुमच्यापैकी कितीतरी जण माझ्यापेक्षा मोठे असाल. पण आमच्या कुळात आठ वर्षे म्हणजे पिकले पान, त्यामुळे कुणी जुना म्हटले की मी वाद घालत नाही. सध्या मी एका खोलीच्या कोपऱ्यात, शिवणयंत्राला टेकून उभा आहे. माझी वायर गुंडाळून माझ्याच डोक्यावर ठेवली आहे. बटण दाबले तर काहीही होत नाही. कान मात्र शाबूत आहेत, आणि बोलायची हौसही.

माझा जन्म एका छोट्या दुकानात झाला. दुकानदाराने पत्र्याचा रिकामा डबा टेबलावर ठेवला आणि दुपारभर बसून त्यात माझा एकेक अवयव बसवला. सगळ्यात शेवटी त्याने माझ्या पाठीला पंखा लावला आणि म्हणाला, "हा फिरतोय तोवर काळजी नाही." काम करताना माझ्या पोटात आग पेटते. पुढून गार हवा आत येते आणि मागच्या जाळीतून गरम हवा पंखा बाहेर फेकतो. हाच माझा श्वास. एवढे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी रडकथा यातच आहे.

मला विकत घेतले ताईने. ती लोकरीच्या दुकानात काम करायची आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आपल्या आईबरोबर राहायची. आईचे वय ऐंशीच्या घरात. तिने उभा जन्म विणण्यात घालवला होता. स्वेटर, टोप्या, हातमोजे, शाली. पण कुठलीही नक्षी तिने कधी कागदावर उतरवली नाही. "नक्षी डोक्यात नसते, बोटांत असते," असे ती म्हणायची. अलीकडे मात्र ती चहात साखर घातली की नाही हे विसरायला लागली होती. एकदा तर चष्मा डोळ्यांवर असताना तिने घरभर चष्मा शोधला. त्या दिवशी ताई हसली, आणि दुसऱ्या दिवशी मला घरी घेऊन आली.

आमचे काम असे चाले. आई खिडकीजवळ बसून विणायची आणि विणता विणता बोलायची, "तीन सुलट, एक उलट, दोन सुलट." ताई माझ्या पडद्यावर चौकटी भरायची. सुलट टाक्याला पांढरी चौकट, उलट टाक्याला काळी. एक नमुना एका बैठकीत व्हायचा. पूर्ण झाला की ताई तो कायमचा साठवायची आणि आईला दाखवायची. आई चष्मा पुसून बघायची आणि म्हणायची, "अगं बाई, हुशार आहे हो हा." मित्रांनो, त्या कौतुकावर मी दोन वर्षे जगलो. माझ्यासारखा भाग्यवान मीच, असे मला वाटायचे.

आता तुम्ही विचाराल, ताई मधूनमधून काम का साठवत नव्हती? त्याचे कारण त्या घरातले एक जुने म्हणणे. विणकाम अर्धे असताना गाठ मारायची नाही. अर्ध्याला गाठ मारली की ते अर्धेच राहते. ताईच्या लेखी काम साठवणे म्हणजे गाठच. शिकलीसवरलेली बाई, पण लहानपणी कानांवर पडलेले हातांतून जात नाही.

त्या घरात उघडे असे काहीच नव्हते. किटलीला टोपी, रेडिओला शाल, खुर्चीच्या पायांना मोजे. मग मी एकटा उघडा कसा राहणार? आईने वितीने माझे माप घेतले आणि बारा दिवस बसून माझ्यासाठी हिरवा झगा विणला. दुहेरी लोकरीचा, जाड, डोक्यापासून तळापर्यंत. समोर बटणापुरते भोक, मागे वायरींपुरती भोके. बाकी मागची जाळी, पुढची फट, सगळे गच्च बंद. "धूळ नको लागायला पोराला," ती म्हणाली. मला आजवर कुणी पोर म्हटले नव्हते. मीही हुरळलो. हुरळली मेंढी लागली लांडग्यामागे, तशातली गत.

थोड्याच दिवसांत मला गुदमरायला लागले. श्वास आत जाईना, गेलेला बाहेर येईना. वर लोकरीचे बारीक तंतू पंख्यात अडकून बसले. पंधरावीस ओळी भरून झाल्या की माझे डोके तापायचे आणि पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजायचा. मग पडदा निळा होई, आणि मी बंद पडे. ताई कपाळाला हात लावायची. आई म्हणायची, "जाऊ दे गं. पुन्हा सांगते, लिही." आणि ती पहिल्या ओळीपासून सगळे पुन्हा सांगायची. तेव्हा तिला सांगता येत होते.

ताईने दुरुस्तीवाल्याला फोन केला. आणि इथे माझ्या नशिबाने खरी थट्टा केली. त्या घरची रीत अशी, की पाहुणा येणार म्हटले की सगळी आवरणे काढून धुवायला टाकायची. झाकलेली वस्तू पाहुण्यासमोर ठेवली तर त्याला परके मानल्यासारखे होते, असे आईचे मत. त्यामुळे दुरुस्तीवाला दारात उभा राहायच्या आधी माझा झगा बादलीत भिजत असायचा, आणि मी मोकळा श्वास घेत ठणठणीत चालत असायचो. वैद्य आला की रोगी उठून बसतो, तसे.

पहिल्या खेपेला त्याने माझ्या स्मरणाच्या पट्ट्या काढल्या, खोडरबराने घासल्या आणि परत बसवल्या. दुसऱ्या खेपेला तो मला दुकानात घेऊन गेला, नमुने बाजूला ठेवून बाकी सगळे पुसून नव्याने भरले आणि चार दिवस टेबलावर उघडाच चालवला. मी एकदाही अडलो नाही. तिसऱ्या खेपेला त्याने वीज पुरवणारा डबा बदलला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

"ताई, माझ्याकडे तर घोड्यासारखा पळतो हा," तो म्हणाला. "तुम्ही नक्की करता काय याला?"

"काय करणार? चौकटी भरते."

"मग दर पाच मिनिटांनी सेव्ह करत जा. बंद पडला तरी काम राहील."

"बरं," ताई म्हणाली, आणि तिने तसे केले नाही.

तो गेल्यावर एकदोन दिवसांत झगा वाळायचा. आई स्वतःच्या हाताने तो मला चढवायची. मी पंखा जिवाच्या आकांताने फिरवून ओरडायचो. माझ्याकडे दुसरी भाषाच नव्हती. ताई म्हणायची, "आज फारच घोरतोय." आणि आई माझ्यावर हात ठेवून म्हणायची, "घोरत नाही गं, थरथरतोय. थंडी वाजत असेल." त्या हिवाळ्यात तिने झग्याला आतून अस्तर लावले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मारणारे हात मात्र इतके मायेचे होते की रागवावे तरी कुणावर?

अशा मरतमरत आम्ही अडतीस नमुने पुरे केले. काही चार चार वेळा. मग उरला एकच, पायवाटेचा. बाकीचे सगळे आईला तिच्या आईकडून, आत्यांकडून आलेले. पायवाट तेवढी तिची स्वतःची. ऐन तरुणपणी तिने ती मनाने रचली होती. त्या नक्षीचे दोनच स्वेटर विणले गेले. एक कसरीने खाल्ला, एक कुठे गेला कुणालाच माहीत नाही. ताईला बाकी सगळ्यांपेक्षा हा एक हवा होता, आणि तो आता फक्त त्या बोटांत होता.

तोवर आईची तब्येत फार ढासळली होती. चांगला दिवस असला तर आठदहा ओळी निघायच्या, वाईट असला तर एकही नाही. एकूण ओळी शहाण्णव. काम पुरे झाल्याशिवाय ताई साठवणार नाही, म्हणजे मला बंद करता येणार नाही. मी रात्रंदिवस चालू राहिलो, अंगात अस्तराचा झगा घालून. दिवसाला ओळी थोड्याच, म्हणून तग धरत होतो; आत माझे काय होत होते ते मलाच ठाऊक. पण मीही हट्टाला पेटलो होतो. एवढी शहाण्णव ओळींची वाट पार होऊ दे, मग माझे काय व्हायचे ते होवो, असे मी मनाशी म्हणत होतो.

अकराव्या दिवशी दुपारी आई एक्याऐंशीवी ओळ सांगत होती. "एक उलट, दोन सुलट." ताईने चौकट भरायला बोट दाबले आणि चौकट भरलीच नाही. बाण थिजला होता.

"थांब, आई. हलू नकोस," ताई म्हणाली, जणू आई हलली असती तर मी पडलो असतो. ती तासभर हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसली. तिने मला शिवी दिली नाही, थापट मारली नाही. तिने हळूच एवढेच म्हटले, "एवढ्या वेळी चाल रे." मी चाललो नाही. पडदा निळा झाला, मग काळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्तीवाला आपला विसरलेला स्क्रू ड्रायव्हर न्यायला आला. न सांगता आला, म्हणून झगा अंगावरच होता. ताई मला पुन्हा पुन्हा चालू करून बघत होती, आणि मी दोन मिनिटे धापा टाकून पुन्हा मान टाकत होतो. त्याने झग्यावर हात ठेवला आणि चटकन काढला.

"ताई, हे चालू असताना पण घालता याला?"

"घालतो की. धूळ बसते ना."

झगा उतरवून त्याने माझी कड उघडली. पंख्यातून हिरव्या लोकरीचा बोळा निघाला. पाटीवरच्या बारीक नळकांड्यांची पोटे फुगून फुटली होती. "याचा बोर्ड गेला," तो म्हणाला. "आता यात काही राम नाही. डिस्क चांगली आहे. तुमचे जुने नमुने काढून देतो, अडतीसच्या अडतीस."

"आणि एकोणचाळिसावा?"

"सेव्ह केला होता?"

ताई झग्याची घडी घालायला लागली. त्याला समजले. जाताना त्याने आवाज खाली आणला. "आजींना झग्याचं सांगू नका."

खिडकीजवळून आईने विचारले, "कशानं बिघडला गं तो?"

"वयानं, आई," ताई म्हणाली.

मग तिने वही घेतली, साधी, चौकटींची, आणि आईच्या पायाशी जाऊन बसली. "आई, पायवाट पुन्हा सांगतेस?" आईने सुया घेतल्या, टाके घातले. पहिली ओळ बरोबर आली. दुसरीत दोन टाके बरोबर आले. पुढे सगळे सुलट, सुलट, सुलट. ताई पेन धरून थांबली. ओळ संपल्यावर आईने विचारले, "कुठली नक्षी म्हणालीस?"

"पायवाट. तुझी, आई. तू स्वतः रचलेली."

"मी?" आई हसली. "मी कशाला नक्षी रचू? मी आपली आईचंच विणते."

मित्रांनो, तुमच्या घरात माझे भाईबंद असतील. त्यांना श्वास घ्यायला जागा ठेवा, त्यांचे पंखे साफ करा. ते ओरडायला लागले तर जरा हात लावून बघा. आणि केलेले काम अर्धे असले तरी ठेवून देत जा. माझ्या सांगण्याने ताईचे काही परत येणार नाही, हे मला कळते. साठवून न ठेवलेले आमच्याकडे वीज आहे तोवरच टिकते. पुऱ्या ऐंशी ओळी होत्या. अकरा दिवस त्या माझ्याजवळ होत्या, आणि आता त्यातली एकसुद्धा मला आठवत नाही.