सुट्टीवरच्या ताई

तिने तिसऱ्यांदा ते पान नव्याने उघडलं, तरी तक्रारीपुढे तेच शब्द होते: ‘काम पूर्ण’. कानाला लावलेल्या फोनमधून मात्र लिफ्टमध्ये अडकलेल्या आजींचा श्वास ऐकू येत होता.

“आजी, अजून आतच आहात ना?”

“जाणार कुठे, बाळा? चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये लटकलेय. नातू झोपलाय खांद्यावर. हाताला मुंग्या आल्यात, पण खाली बसले तर उठवणार कोण मला?”

काकांची लिफ्टदुरुस्तीची कंपनी होती. अडकलेल्या माणसाने मोबाइलवर एक बटण दाबायचं आणि निरोप थेट मोकळ्या मेकॅनिकला जायचा, असं वेब अॅप्लिकेशन ती पाच महिने खपून तयार करत होती. तिचं हे पहिलंच काम. आजपासून सहा इमारतींवर त्याची चाचणी होती. बावीस वर्षं तक्रारींच्या फोनवर बसणाऱ्या ताईंना त्यासाठी आठवडाभर सुट्टी दिली होती.

आजींची तक्रार बरोबर पोचली होती. पण मेकॅनिकने ‘निघालो’ऐवजी खालचं ‘काम पूर्ण’ दाबलं आणि अॅपने त्याला लगेच शहराच्या दुसऱ्या टोकाला पिटाळलं. दोन्ही बटणं एकाला एक चिकटून तिनेच ठेवली होती. तो आता गाडीवर असणार. पाच वेळा लावूनही त्याने फोन उचलला नाही. तिने तक्रार पुन्हा उघडली. ‘मोकळा मेकॅनिक नाही’, अॅपने सांगितलं. वॉचमनकडे लिफ्टची चावी नव्हती.

“येतायत ना गं कुणी?”

“येतायत, आजी,” ती म्हणाली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

शेवटी दुसऱ्या फोनवरून तिने ताईंचं घर गाठलं.

“कुठली? ती चिंचोळ्या जिन्याची इमारत?” ताईंनी एवढंच विचारलं. “आपला थोरला मेकॅनिक आज रजेवर आहे. सासऱ्यांना घेऊन मागच्याच गल्लीतल्या दवाखान्यात आलाय. चावी त्याच्या डिकीत असतेच. ठेव तू फोन.”

अकरा मिनिटांनी दार उघडल्याचा आवाज आला. नातू जागा होऊन रडायला लागला. आजी काहीतरी म्हणाल्या, पण त्या रडण्यात ते ऐकू आलं नाही.

संध्याकाळी काका खुशीत तिच्या टेबलाशी आले. हातात दिवसभराचा अहवाल होता.

“चार मिनिटांत तक्रार निकाली! पोरी, नाव काढलंस.”

“चार नाही, काका. पाऊण तास अडकल्या होत्या त्या. ताईंनी माणूस पाठवला म्हणून सुटल्या.”

तिने सगळं सांगितलं. काकांनी मान हलवत ऐकून घेतलं. बाबा गेल्यावर तिच्या शाळेच्या पालकसभेलाही ते असेच येऊन शांतपणे ऐकत बसायचे.

“बटणं लांब लांब कर. चाचणी असते कशाला?” ते म्हणाले. “आणि ताईंच्या डोक्यात जे आहे, ते या आठवड्यात काढून घे. कोण कुठे राहतो, चावी कुणाकडे, सगळं. घाल त्यात. मग त्यांना परत बोलवायलाच नको.”

“काका, त्यांना हे माहीत आहे?”

“सांगू की. घाई काय आहे?”

तेवढ्यात फोन वाजला. ताईच होत्या.

“सुटल्या ना गं त्या? बरं झालं. हे बघ, काही अडलं तर बेधडक विचार. मला तरी घरात कुठे करमतंय!”

काका दारात थांबले होते. त्यांनी हातानेच खूण केली: विचार.

तिने नवं पान उघडलं. बोटं कळफलकावर ठेवली आणि पुन्हा उचलली.

“आहेस ना?”

“ताई,” ती म्हणाली, “कोण कुठे असेल, हे तुम्हाला कसं कळतं?”

पलीकडून आधी हसू ऐकू आलं.

“इतकी वर्षं झाली, हे कुणी विचारलं नव्हतं बघ मला.” ताईंचा आवाज एकदम तरुण झाला होता. “थांब, गॅस बंद करून येते. असं घाईघाईत सांगण्यातलं नाही ते.”

पावलं लांब गेली आणि परत आली. खुर्ची सरकली.

“हं, अगदी पहिल्यापासून सांगते. लिहून घेतेस ना?”

“घेते,” ती म्हणाली.