रणजीतच्या गिटारीचा ब्रिज

अंगावरून वारं गेल्यापासून रणजीतजवळ दोनच शब्द उरले होते, व्हय आणि न्हाई. तेही कधी उलटे पडायचे. चहा हवा असला तरी तोंडातून न्हाई निघायचं, मग त्याला स्वतःचाच राग यायचा. उजवा हात जिथं ठेवला तिथंच राहायचा. डोंगरकडा गावच्या भीमगीतांच्या पार्टीत तो लग्नाआधीपासून गिटार वाजवत होता.

जयंतीचे कार्यक्रम सुरू झाले तसे पार्टीचे गायक गोपीचंद एका दुपारी घरी आले. सोबत सुरज होता. आता पार्टीत गिटार तोच वाजवणार होता, पण त्याच्याजवळ स्वतःची नव्हती. रणजीतची घेऊन जा, असं त्याच्या बायकोनं, ज्योतीनंच फोनवर सांगितलं होतं. नवऱ्याला विचारायचं तरी कसं, म्हणून विचारलं नव्हतं.

सुरजनं तारा लावल्या आणि वाजवायला लागला. एक तार बोटानं ताणली की बाकीच्यांचे सूर उतरायचे.

"हिचा ब्रिज तरंगता हाय, वहिनी," त्यानं ज्योतीला दाखवलं. तारा ज्या लोखंडी पट्टीत अडकवल्या होत्या, ती लाकडाला टेकलेली नव्हती. एका बाजूनं तारा ओढत होत्या, दुसऱ्या बाजूनं पाठीमागच्या स्प्रिंगा, आणि त्या ओढाताणीत ती अधांतरी उभी होती. "पट्टीला लावलेली ही दांडी हलवली की सूर वर-खाली व्हतो. दादांचा हात बसलेला होता. माझ्यानं व्हायचं न्हाई. कार्यक्रमात एक तार तुटली तर सगळ्याच बेसूर व्हतील. पट्टी खाली टेकवून टाकू का?"

गोपीचंद गाण्याची ओळ लांबवायचे तेव्हा रणजीत त्या दांडीवर हात ठेवून त्यांच्या गळ्यासारखाच सूर थरथरवायचा. ते रणजीतच्या खाटेजवळ गेले.

"रणजीत, टेकवू का रे बाबा? तू म्हणशील तसं."

"न्हाई," रणजीत म्हणाला.

गोपीचंदांनी ज्योतीकडं पाहिलं. "खरंच न्हाई, का व्हय म्हणून राहिला?"

ज्योतीनं नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिला काही उमगलं नाही. "करा," ती म्हणाली. "कार्यक्रम तर झाला पाहिजे."

सुरजनं गिटार पालथी घालून मागचं झाकण काढलं. स्प्रिंगा ताणून धरणारे दोन लांब स्क्रू तो पेचकसानं आवळायला लागला.

"न्हाई... न्हाई," रणजीत डावा हात खाटेवर आपटायला लागला.

ज्योतीनं त्याचा हात धरला. "असू द्या हो. आपली आपल्याला परत देणार हायेत."

सुरजनं आणखी एक वेढा दिला. बारीक तार फाडकन तुटली आणि खालून गिटार धरलेल्या त्याच्या मनगटावर रक्ताची रेघ उमटली.

रणजीतनं डोळे मिटले. मग हात पुढं केला. ज्योतीनं गिटार त्याच्याजवळ धरली. त्यानं डाव्या हातानं एक खुंटी उलटी फिरवून तार ढिली केली. मग दुसरी, तिसरी.

"तारा आधी ढिल्या करायच्या होत्या," सुरज खालच्या आवाजात म्हणाला. "दादा तेच सांगून राहिले होते."

"म्हणजे टेकवायला त्यांची ना नव्हती?" ज्योतीनं विचारलं.

कोणाला काय सांगता येणार? मनातून नको असलं, तरी आपली गिटार चुकीच्या हातानं बिघडावी असंही त्याला वाटलं नसेल.

रणजीत आता कपाटाकडं बघत होता. ज्योती एकेक वस्तू वर धरून दाखवत गेली. गोळ्यांची पिशवी, चार्जर, कंगवा, चष्म्याचं घर. प्रत्येक वेळी न्हाई. या न्हाईतलं एखादं व्हय असलं तर ते आपल्याकडून सुटून जाईल, ही भीती तिला होती. शेवटी बिस्किटाचा डबा वर धरला तेव्हा तो काहीच बोलला नाही, नुसता बघत राहिला. डब्यात पट्टीला मागून आणखी ओढून धरणाऱ्या दोन जास्तीच्या स्प्रिंगा होत्या.

त्या बसवल्या, स्क्रू आवळले, नवी तार चढवली, पुन्हा सूर लावले. पट्टी लाकडावर घट्ट टेकली. सुरजनं तार ताणून पाहिली, बाकीच्या जागच्या हलल्या नाहीत.

"बराबर झालं," गोपीचंद म्हणाले.

सुरजनं गिटार रणजीतच्या पोटाजवळ आडवी ठेवली. रणजीतनं डाव्या हातानं दांडी धरली आणि दाबली. आधी बोट लावलं तरी झुलायची, ती आता हलेना. त्यानं पुन्हा जोर लावला, मग सोडून दिली. सुरजनं दांडी फिरवून काढली आणि ज्योतीच्या हातात दिली. "आता लागायची न्हाई. माझ्यापाशी हरवून जाईल."

ते दोघं गिटार घेऊन जीपनं जवळा बाजार गावाला कार्यक्रमासाठी निघाले. जीपचा आवाज लांब गेला तसं रणजीतच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. या आजारात माणूस कारण नसतानाही रडतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ज्योतीनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. पुसलं तसं पुन्हा आलं. दांडी तिच्या मुठीत तशीच होती. ती त्याला दिसू द्यावी का लपवावी, हे तिला कळेना.