अकरा निऱ्यांचं शीड

*बोट शनिवारी सायंकाळी ठीक साडेचार वाजता सुटेल. जेवण तीन दालनांत. कोणत्या दालनात बसणार ते आगाऊ कळवून जागा राखून ठेवावी. चिठ्ठी नसलेल्यास पान मिळणार नाही. — वि. ग. फणसळकर, व्यवस्थापक.*

चाळीच्या खाडीवरच्या सहलीचा हा कागद अप्पांनी जिन्यात चिकटवला तेव्हा बोट ठरली नव्हती, दालनं ठरली नव्हती आणि अप्पांना व्यवस्थापक कोणीही नेमलेलं नव्हतं. डिंक तेवढा पक्का होता.

अप्पा म्हणजे सरोजचे सासरे. विलायतेला जाणाऱ्या आगबोटींच्या एका कंपनीत मुंबईला तीस वर्षं कारकुनी करून नुकतेच घरी बसलेले. काम एकच. बोटीवर कोणत्या साहेबाला जेवायला कोणतं टेबल, पहिली पंगत की दुसरी, मोठ्या दालनात की खास दालनात, हे सगळं बोट सुटायच्या आधी कागदावर लावून द्यायचं. तीस वर्षं त्यांनी हजारो माणसांना समुद्रावर जेवायला बसवलं, आणि स्वतः धक्क्यावर उभं राहून डबा खाल्ला. बोटीची पायरीसुद्धा कधी चढले नाहीत. आता डोंबिवलीच्या घरात आमटी-भात कालवताना म्हणायचे, "आत्ता एडनच्या पुढे दुसरी पंगत बसली असेल." सासूबाई ताक वाढायच्या.

सरोजचं मात्र या बोटीवर सगळंच अडकलेलं.

तिला ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून नेमणुकीचं पत्र आलेलं. सोमवारपर्यंत होकार डाकेत पडायला हवा. नवऱ्याची, मधूची, हरकत नव्हती, पण मधूची हरकत असणं-नसणं घरात कोणी विचारात घेत नसे. अप्पांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि आपल्या खिशात ठेवलं.

"एकाला एकाशी जोडायचं, आणि तिसऱ्याला ऐकू जाऊ द्यायचं नाही. असंच ना काम?"

"हो अप्पा."

"मग शनिवारच्या चिठ्ठ्या तू सांभाळ. एकही तक्रार येता कामा नये. एक जरी आली, तरी हे पत्र बंबात."

---

*आराखडा, पहिली आवृत्ती.* मुख्य दालन: मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड. विलायती दालन: कटलेट, टोस्ट, हलणारं कस्टर्ड. तिसरं दालन:

इथे अप्पांचं पेन थांबलं. बोटीला तीन दालनं हवीतच. पण तिसऱ्यात काय?

हा प्रश्न कोपरच्या काळुराम म्हात्र्यांनी सोडवला. मिठागरं त्यांची, मीठ वाहणाऱ्या मोठ्या होड्या, म्हणजे पडाव, त्याही त्यांच्याच. तीन पडाव धुऊन, सतरंज्या घालून द्यायला ते तयार झाले, पण एक अट घातली.

"माजे खलाशी पुरी-भाजीवर वल्ही मारनार नाय. माजी सखुबाय तिसऱ्या पडावात कालवन करील. तुमचं तुमी बगा."

अप्पांनी डोळे मिटले. कोळीण जिन्याखालून गेली तरी कापूर लावणारा माणूस! पण तीन म्हणजे तीन. त्यांनी लिहिलं: *तिसरे दालन, मत्स्य. खलाशांकरिता. आपल्यापैकी कोणी जाणार नाहीच.*

---

पहिल्या संध्याकाळी खांबेटे मास्तर आले. चाळीत दर गुरुवारी गीतेवर बोलणारे.

"माझी चिठ्ठी मुख्य दालनाचीच हो. अगदी ठळक लिही, मुख्य." मग आवाज खाली आला. "आणि मधे एक वीस मिनिटं... ते तिसऱ्यात... म्हणजे खलाशांची विचारपूस करावी म्हणतो."

"जेवून विचारपूस करणार का, मास्तर?"

"त्यांना बरं वाटेल गं."

दुसऱ्या दिवशी भजनी मंडळाच्या सुमेधाताई. त्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं. कोणत्या डॉक्टरांनी ते सांगितलं नाही. मग तळमजल्यावरचे दोघं सख्खे भाऊ, वेगवेगळे, एकमेकांपासून चोरून. मग मधू.

"घरी कळू देऊ नकोस हं."

"अहो, मी घरीच राहते."

"तसं नाही गं. आईला. आईला कळलं तर ती तीन दिवस जेवणार नाही."

आणि शुक्रवारी दुपारी, पापड वाळत घालता घालता, सासूबाई.

"माझं माहेर मुरूडचं. आठ वर्षांची असताना शेजारच्या घरी एकदा कोळंबी खाल्लेली. एकदाच. आईनं तोंड धुवायला लावलं, पण चव काही गेली नाही." त्यांनी एक पापड उगाच उलटा केला. "चव्वेचाळीस वर्षं झाली. मधूला मात्र कळता कामा नये. त्याचा जीव हळवा आहे."

शुक्रवारी रात्रीपर्यंत मुख्य दालनाच्या अकरा चिठ्ठ्या गेल्या. त्या अकराही जणांची सरोजकडे दुसरी, गुपचूप चिठ्ठी होती. उरलेली चाळ कस्टर्डच्या बाजूला.

*आराखडा, सातवी आवृत्ती* अप्पांना दाखवायची नव्हती. अकरा माणसं, एकच पडाव, कोणी कोणाला दिसायचं नाही. सरोजला निवडणुकीची आठवण झाली. दोन वर्षांपूर्वी शाळेत मत द्यायला गेली तेव्हा पडद्याआड एकटीच उभी राहिली होती, आणि आपण आत काय करतो ते बाहेर कोणालाही कळत नाही याची तिला भारी गंमत वाटलेली.

ती सखुबाईंकडे गेली. सखुबाई अंगणात जाळं झटकत बसलेल्या, गळ्यात तुळशीची माळ.

"कापड पाहिजे. लांबलचक."

"येवडं कापड म्हंजे शीडच की गो."

पडावावर दोऱ्या बांधून शीड नागमोडी टांगलं. एकीकडून एक, दुसरीकडून एक, साडीच्या निऱ्या घालाव्या तसं. दहा दुमड्या, अकरा खण. प्रत्येकात एक पाट, एक पान.

"काय वाडू त्यांना? चिंबोऱ्या हायत ताज्या."

"चिंबोरी नको. फोडताना आवाज होतो."

"मंग कोलंबी नि बोय मासलीचं कालवन." सखुबाईंनी माळेला हात लावला. "एकच सांगते बाय. मी माळकरी. वासावर रांदते, चाखत नाय. मीठ कमी-जास्त झालं तर माज्यावर नको. नि मी जेवनार तुमच्याच दालनात. माजी चिठ्ठी दे."

बारावी चिठ्ठी त्यांची. मुख्य दालनात खरोखर जेवायचं म्हणून जागा राखणाऱ्या त्या एकट्याच.

---

शनिवार. साडेचारला सुटायची बोट साडेचारला सुटली नाही, कारण व्यवस्थापकांचं भाषण पावणेचारला सुरू झालेलं. काळुराम काठावर उभे राहून पाण्याकडे बघत होते. भरतीबरोबर वर कल्याणकडे जायचं, ओहोटीबरोबर खाली यायचं, असा साधा हिशेब. अप्पा सुएझच्या कालव्यापर्यंत पोचले तेव्हा काळुराम म्हणाले, "अप्पा, पानी तुमच्यासाठी थांबनार नाय." अप्पा म्हणाले, "समारोप करतो." समारोप पाच वाजता संपला.

तिन्ही पडाव निघाले. साठीचा धाकू आपल्या होडीतून एका पडावावरचं माणूस दुसऱ्यावर पोचवायचा. सरोजनं प्रत्येकाला वेळ दिलेली. मास्तर पाच-दहाला, सुमेधाताई पाच-पंधराला, सासूबाई पाच-पंचवीसला. वीस मिनिटांत जेवायचं, हात धुवायचे, सुपारी खायची, होडीत बसून मुख्य दालनात परत. एका वेळी चौघांच्या वर कोणी गायब नाही. "विलायती दालन बघून येतो," एवढंच अप्पांना सांगायचं.

कागदावर हे फार सुंदर दिसत होतं.

सहा वाजून गेल्यावर धाकू रिकामी होडी घेऊन सरोजजवळ आला. "बाय, मी सगल्यांना सोडलं. पन परत कोनी येईना. दुसऱ्यांदा वाडून घेतायत."

सरोज त्याच्याबरोबर तिसऱ्या पडावावर गेली. पहिल्या निरीत डोकावून कुजबुजली, "मास्तर, वेळ झाली."

"एवढी तुकडी." "मास्तर!" "हा रस्सा पानावर टाकणं बरं नव्हे, सरोज."

तेवढ्यात खाली काहीतरी मऊ, जाड घासल्यासारखा आवाज झाला आणि पडाव गाळात रुतला. तिन्ही पडाव थांबले. ओहोटी लागलेली. निघाल्यापासून जेमतेम दोन फर्लांग झालेले. किनाऱ्यावरची बकरी अजून ओळखू येत होती.

"गाल लागला!" काळुराम ओरडले. "अजून कमरेएवडं पानी हाय. धाकू, होडी घे, नांगर लांब नेऊन टाक. तिन्ही पडाव शेजारी बांदा!"

होडी गेली. परतीची वाट गेली. आणि मुख्य दालनाचा पडाव दोरानं ओढत ओढत तिसऱ्या पडावाशेजारी येऊन थांबला, हातभर अंतरावर.

त्या पडावावर अप्पा बसलेले. पुढे बारा पानं वाढलेली. अकरा पाट मोकळे. बाराव्यावर सखुबाई मन लावून जेवत होत्या.

"सगळे विलायती दालनात गेलेत," अप्पा पडेल आवाजात म्हणाले. "कस्टर्डचं नावीन्य. चालायचंच. भाजी कशी आहे?"

"अलनी." सखुबाईंनी बटाट्याची फोड चावून पाहिली. "मीठच नाय. माज्या कालवनात काय झालंय कोन जाने." असं म्हणून त्यांनी मान वळवली आणि शिडाकडे बघून, मिठागराच्या बांधावरून हाक मारावी तशी, हाक मारली.

"ए, कालवनात मीठ बरोबर हाय का गो?"

आता एका निरीत बसलेल्या माणसाला आपण एकटेच आहोत असं वाटतं. आणि जेवण चांगलं झालेलं असलं की माणूस विचारल्याबरोबर उत्तर देतो.

मास्तर: "बरोबर!" — कापड — सुमेधाताई: "अगदी बरोबर!" — कापड — थोरला भाऊ: "फक्कड!" — कापड — धाकटा भाऊ: "फक्कड!" — कापड — मधू: "झकास!" — कापड — सासूबाई: "तश्शीच आहे गं बाई, तश्शीच!" — कापड, कापड, आणखी पाच जणांचं बरोबर, आणि मग असली शांतता, की बकरी ऐकू आली.

सरोजनं पदराचं टोक दातात धरलं. अजून वाचता येईल. आवाज म्हणजे काही पुरावा नव्हे.

"वारा आला!" काळुराम पलीकडून ओरडले. "शीड चढवा!"

"काका, शीड नको!" सरोज किंचाळली.

"अगो, शिडाबिगर पडाव निगल कसा?"

दोन खलाशांनी दोरी ओढली. एकच कापड होतं. पहिली निरी सुटली, तिच्यामागं दुसरी, तिसरी, आणि सगळं शीड फडफडत वर गेलं. खाली पडावात अकरा माणसं दोन ओळींत पाटांवर बसलेली. मास्तरांच्या हातात तुकडी. सुमेधाताईंच्या पानावर सालांचा डोंगर. दोघं भाऊ समोरासमोर, एकाच वेळी रस्सा भुरकताना. मधू आणि सासूबाई पाठीला पाठ लावून. अर्धा तास ती दोघं एकमेकांना टेकूनच जेवली होती, पाठीला कापड समजून.

आणि वर शिडावर, वाऱ्यानं फुगलेल्या, पिवळ्या बोटांचे ठसे. पाचाच्या ओळी. हात पुसायला आयतं कापड मिळाल्यावर कोण सोडतं?

पडाव गचका खाऊन चिखलातून सुटला. कोणालाही आनंद झाला नाही.

अप्पा उठले. मधल्या हातभर पाण्यापलीकडून सगळ्यांकडे पाहिलं. बायकोकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग म्हणाले,

"सरोज. ह्यांच्या चिठ्ठ्या आहेत?"

"आहेत, अप्पा."

"आण."

तिनं कमरेला खोचलेल्या अकरा चिठ्ठ्या पुढे केल्या. अप्पांनी चष्मा लावला. एकेक चिठ्ठी उन्हाकडे धरून वाचली. पाच-दहा. पाच-पंधरा. पाच-वीस. ओठ हलत होते.

"ह्यातल्या कोणाला कोणाचं ठाऊक होतं का?"

"नाही."

"मला तर आत्ताच—" मास्तरांनी सुरुवात केली.

"मास्तर, तुम्ही गिळा आधी." अप्पांनी चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या सारख्या केल्या. "अडतीस साली मी दोन भांडलेल्या मडमा चुकून एका टेबलावर बसवल्या. दोघीच होत्या. माझी बढती गेली. आणि हिनं अकरा बसवले. नवऱ्याचं सासूला कळू दिलं नाही, सासूचं नवऱ्याला." त्यांनी घसा साफ केला. "शीड घ्यायला नको होतं. शीड बोटीचं असतं. ते जाऊ दे. आता अटीप्रमाणे विचारतो. कोणाची काही तक्रार?"

अकरा तोंडं मिटलेली. तक्रार करायची म्हणजे आधी तोंडातलं काय आहे ते सांगायला लागणार.

"माजी हाय," सखुबाई म्हणाल्या.

सरोजनं अप्पांच्या खिशाकडे पाहिलं.

"बटाट्यात मीठ नाय. येवडी मिठागरं सभोवार, नि मीठ नाय!"

अप्पांनी चिठ्ठ्या पुन्हा एकदा चाळल्या. "मुख्य दालन," ते म्हणाले, "माझ्याकडे होतं. चिठ्ठ्यांशी संबंध नाही." खिशातून त्यांनी घडी घातलेलं पत्र काढलं आणि हात लांब करून सरोजला दिलं. "सोमवारी सकाळच्या डाकेनं होकार टाक. रजिस्टर करून."

मग ते बायकोकडे वळले.

"तुझी चिठ्ठी पाच-पंचवीसची. वेळ संपून गेली. ऊठ."

"उठते हो," सासूबाई तोंडावर हात धरून म्हणाल्या, "जरा थांबा. काटा आहे तोंडात."