दायानाची घरची बोली

झुल्मानं ब्राझीलच्या सीमेला लागून असलेल्या रिव्हेरा गावातल्या एका शाळेत अकरा वर्षं स्वयंपाक केला. त्यातच शिकून मानसशास्त्राची पदवी घेतली आणि मार्चमध्ये तिथंच मानसतज्ज्ञ म्हणून रुजू झाली. खोली मिळाली ती जुने नकाशे ठेवायची. पोरं अजून दारातून डोकावून विचारायची, "झुल्मामावशी, आज जेवायला काय?"

मे महिन्यात तिसरीच्या वर्गशिक्षिका मिर्ताबाई दायानाला घेऊन आल्या. आठ वर्षांची पोर, शाळेच्या पांढऱ्या झग्यावरचा गळ्याचा निळा बो पार कानाशी गेलेला.

"हिची चाचणी घे गं. वर्गात अवाक्षर काढत नाही. विशेष शाळेतच घालावी लागणार."

झुल्मानं चित्रं दाखवली, शाळेच्या स्पॅनिशमध्ये शब्द विचारले. दायाना मान खाली घालून बसली. गुण इतके कमी पडले की अहवाल दुपारपर्यंत लिहून झाला असता. झुल्माला तो लिहवेना.

मधल्या सुट्टीत ती 'माते' या कडसर चहाचा पेला घेऊन अंगणात उभी राहिली. दायाना दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या चिमुरड्यांना दमात घेत होती. निम्मं स्पॅनिश, निम्मं रस्त्यापलीकडच्या ब्राझीलचं पोर्तुगीज.

दुसऱ्या दिवशी झुल्मा त्याच बोलीत म्हणाली, "ये की गं पोरी. त्या चित्रातल्या म्हातारीचं काय झालं, सांग बघू."

दायानानं डोळे वर केले. "तुमाला बी येतं व्हय हे?"

"माझी आई हेच बोलायची."

मग म्हातारीची गोष्ट आली, चित्रात नसलेल्या कुत्र्यासकट. चाळीस मिनिटं. झुल्माचा हात लिहून दुखला.

मिर्ताबाईंनी ती पानं उभ्यानंच वाचली. मग खुर्ची ओढून बसल्या.

"मीच म्हणाले होते तिला. नीट बोलता येत नसेल तर गप्प बस."

"आता म्हणा, येईल तसं बोल. पोर हुशार आहे, बाई. स्पॅनिश मागून येईल."

दायाना वर्गातच राहिली. आधी तिनं घरच्या बोलीत सांगायचं, मग तिनं आणि मिर्ताबाईंनी मिळून ते स्पॅनिशमध्ये मांडायचं, असं ठरलं. पहिले पंधरा दिवस जड गेले. एकदा तर ती पुन्हा मुकी झाली. जुलैच्या सुट्टीआधी मिर्ताबाई खोलीत आल्या, वहीत शब्दांची लांबलचक यादी घेऊन.

"ही कार्टी मला शिकवतेय. यातलं खरं किती आणि माझी चेष्टा किती, तेवढं बघ."

झुल्मानं यादी वाचली आणि तिला हसू आवरेना. चेष्टेच्या शब्दांवर तिनं खुणा केल्या; त्यातले दोन मात्र मुद्दामच तसेच सोडले.