हॅवलॉकची बोट

दर्शनाने देवेशच्या हातातला कागद इतक्या जोरात ओढला की त्याचा एक कोपरा फाटून त्याच्या चिमटीतच राहिला.

"मला वाचता येतं," ती म्हणाली.

रविवारची सकाळ होती. धाकटा भाऊ देवेश आणि त्याची बायको सपना अंदमानच्या सहलीचं नक्की करायला मुलुंडहून कांदिवलीला, दर्शना आणि आईच्या घरी आले होते. आई सोफ्यावर, गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसली होती. कागदावर सपनाच्या गोलसर अक्षरात सहा दिवस मांडलेले होते. आधी पोर्ट ब्लेअर, मग हॅवलॉक, मग नील. शेवटच्या दोन बेटांपुढे कंसात लिहिलं होतं, 'आम्ही दोघंच. आई आणि ताई पोर्ट ब्लेअरला हॉटेलवर.'

"हे काय आहे?"

"अहो ताई, बोटीत दोन-दोन तास बसायचं असतं," सपना म्हणाली. "आईंना झेपणार नाही. त्यांच्याजवळ तुम्ही असलात की आम्हाला काळजी नाही."

"म्हणजे मला आया म्हणून नेताय."

"असं कोण बोललं?" देवेशचा आवाज चढला. "प्रत्येक गोष्टीत वाकडंच बघणार का तू?"

"मग सरळ सांग ना. आईला विमानाने न्यायचं, एका खोलीत कोंडायचं, आणि फोटो टाकायचे. आईला अंदमान दाखवलं!"

"तुझी ही कटकट नको म्हणून तर आम्ही इथे राहायला येत नाही. आईला तूप नको, आईला जिना नको, आईला वारा नको. घर आहे की हॉस्पिटल?"

"हॉस्पिटलचं तू बोलूच नकोस." दर्शनाने कागदाची घडी घातली, नखाने दाबली. "बाबांच्या वेळी मी सतरा दिवस बाकड्यावर झोपले होते. तू कुठल्या बीचवर होतास रे तेव्हा?"

देवेशचा जबडा आवळला गेला. सपना चष्मा काढून ओढणीने उगाच पुसत राहिली.

"हे दर वेळी काढायलाच हवं का?" तिने विचारलं.

"हो. दर वेळी."

मग दर्शनाने सुनावलं, "आई तिन्ही बेटांवर जाणार. मी तिच्यासोबत असणार. उलटीची गोळी मी देईन, व्हीलचेअर मी ढकलीन. तुम्ही बोटीत लांब बसा, ओळख दाखवू नका. नाहीतर कुणीच जायचं नाही."

"ने, बाई, ने!" देवेशने लॅपटॉप पुढ्यात ओढला. "तुझीच आई आहे ती. आमची कोण लागते?"

जिंकल्याचं दर्शनाच्या तोंडावर दिसलं असावं, कारण सपनाने तिच्याकडे पाहायचं टाळलं.

"दर्शना नको," आई म्हणाली.

"बरं, व्हीलचेअर नको. आपण काठी घेऊ."

"खुर्ची न्हय गो. तू नको."

देवेशची बोटं कीबोर्डवर थबकली.

आईने पिशवी गुडघ्यावरून काढून बाजूला ठेवली. "मालवणहून आगबोटीने मुंबईला आले, तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आख्खी रात्र डेकवर उभी. माका बोट लागत नाय. कधीच लागली नाही."

"आई, तेव्हाची गोष्ट वेगळी. आता तुझं बीपी..."

"हे बघ, हेच." आईचा आवाज वाढला नव्हता. "ह्यांका माझं काय पडलेलं नाय, ते माका दिसतं. म्हणूनच ह्यांच्यासोबत जाते. चार दिवस कुणीतरी विसरू दे मला, बाय."

सपना काहीतरी म्हणणार होती. देवेशने तिच्या मनगटावर हात ठेवला.

दर्शनाने कागदाची घडी उलगडली, तळहाताने टेबलावर सपाट केली आणि सपनाच्या पुढे सरकवली.

"बोटीच्या तिकिटाला आधारचा नंबर लागत असेल ना?"

"लागतो," देवेश म्हणाला.

तिने आईचा नंबर पाठच म्हटला, चार-चार आकडे करून. देवेशने तो टाइप केला.

"आणि तुझा..." सवयीने विचारता विचारता तो थांबला.

"खिडकीजवळची जागा बघ तिला," दर्शना म्हणाली, आणि स्वतःच्याच घरात आता कुठे बसावं, ते तिला सुचेना.