मऊ मेण आणि अण्णांचं नाक

अण्णांचं नाक गेलं ते हिवाळ्यातल्या तापात. म्हणजे नाक जागेवरच होतं, चांगलं ऐसपैस, चष्मा टेकवायला सोयीचं. पण वास येईना. ताप उतरला, खोकला गेला, वास काही परतला नाही. आणि अण्णांनी ही गोष्ट कुणाच्या कानावर घातली नाही. कशी घालणार? एकतीस वर्षं साबणाच्या कारखान्यात वास पारखायचं काम केलेला माणूस. निवृत्त झाल्यावर घरात त्यांची पत राहिली होती ती त्या नाकावरच.

त्यातच सूनबाईच्या डोक्यात मेणाचं खूळ शिरलं. सोयाबीनचं मेण गरम पाण्यावरच्या भांड्यात वितळवायचं, त्यात खोबरेल तेल घालून ते मऊ करायचं, थोडं निवलं की सुगंधी अर्क ढवळायचा आणि सॉसच्या असतात तशा दाबायच्या बाटल्यांत भरायचं. मग छोट्या दिव्यावरच्या वाटीत बोटभर पिळलं की खोली दरवळते. ना सुरीने कापायची भानगड, ना वडी खरवडायची. कोपऱ्यावर भेटवस्तूंचं दुकान चालवणाऱ्या बाईंना पहिली बाटली इतकी आवडली, की त्यांनी अख्खा एक कप्पा द्यायचं कबूल केलं. फक्त पक्का माल एकदा बघते म्हणाल्या.

पहिल्याच दिवशी सूनबाई भांडं घेऊन अण्णांच्या खुर्चीपाशी आली होती. "अण्णा, जरा बघता का? तुमच्याएवढं यातलं कुणाला कळतं?"

आता तुम्हीच सांगा, कित्येक महिन्यांत ज्याला 'जेवलात का' आणि 'पंखा लावू का' याखेरीज कुणी काही विचारलेलं नाही, तो माणूस काय म्हणेल? नाक चालत नाही म्हणून सांगेल? अण्णांनी डोळे मिटले, हुंगलं, छताकडे पाहिलं. नुसतं 'छान' म्हणणारा पारखी कसला, म्हणून म्हणाले, "छान आहे. पण किंचित जास्त झालाय. थोडा कमी कर."

सूनबाईने वहीत अर्काचे आठ चमचे खोडून सात लिहिले.

मग हे रोजचंच झालं. गुलाबी रंग दिसला की अण्णा गुलाब म्हणायचे, पिवळा दिसला की लिंबू. "वरचा वास बरोबर बसलाय, मधला जरा लाजतोय," असलं काहीतरी ठेवून द्यायचे. आणि शेवटी, कारखान्यातल्या साहेबासारखा एक हात हलवून, "किंचित कमी कर." सूनबाईला कधी शंका आलीच, तर त्याचंही उत्तर तयार होतं. दिवसभर वासात राहिलेल्या माणसाचं नाक मरतं, तिने स्वतःच्या नाकावर विसंबू नये. हे मात्र खरं होतं. थाप मारताना एखादी खरी गोष्ट मध्ये पेरावी लागते, हे अण्णांना चांगलं ठाऊक होतं.

सूनबाई बिचारी सरळ. साताचे पाच झाले, पाचाचे तीन. शेवटच्या आठवड्यात तर ती चमचा सोडून थेंब मोजायला लागली होती.

ठरल्या दिवशी चार वाजता दुकानवाल्या बाई आल्या. टेबलावर गुलाबी मेणाच्या बारा बाटल्या ओळीने मांडलेल्या. बाईंनी एक उचलली, दाबली, मलईसारखं मेण वाटीत पडलं. खाली दिवा लावला. तिघं वाटीकडे बघत बसली. मेण वितळलं, पाण्यासारखं झालं, चकाकलं.

"कसला आहे हा?" बाईंनी विचारलं.

"गुलाब," सूनबाई म्हणाली.

बाई वाकल्या. आणखी वाकल्या. "मला काहीच येत नाहीये."

"तापू दे, तापू दे," अण्णा म्हणाले. "उंची वास सावकाश उठतो."

पाच मिनिटं झाली. बाईंनी दुसरी बाटली पिळली, मग तिसरी. शेवटी पर्स उचलत म्हणाल्या, "हे बघा, राग मानू नका. हे नुसतं मेण आहे. पहिल्या बाटलीत काय सुंदर वास होता. दुकानात मी हे ठेवलं तर लोक मला हसतील."

सूनबाईचा चेहरा उतरला. पण ती हटली नाही. "असं कसं होईल? एकेक बाटली अण्णांनी पारखलीय. त्यांचं नाक चुकायचं नाही. तुम्हालाच सर्दी झाली नाही ना?"

अण्णांना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. सर्दीचा धागा धरून बाईंना वाटेला लावता आलं असतं. जिभेवर वाक्यही आलं होतं, 'हवा बदललीय, सगळ्यांचीच नाकं चोंदलीत.' पण समोर ही पोरगी त्यांच्या नाकासाठी भांडत होती, आणि तिचा कप्पा दाराबाहेर चालला होता.

"बसा बाई," अण्णा म्हणाले. "सर्दी तुम्हाला नाही. माझंच नाक हिवाळ्यापासून बंद आहे. मला कसलाही वास येत नाही. ही आठ चमचे घालत होती तेच बरोबर होतं. कमी कर, कमी कर म्हणून मीच सगळं घालवलं."

बाई खाली बसल्या. सूनबाईने विचारलं ते भलतंच होतं.

"म्हणजे रोज जेवताना 'काय वास सुटलाय भाजीला' म्हणत होतात, ते?"

अण्णांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"चव तरी कळत होती?"

"गरम आणि खारट एवढं कळायचं."

"चार महिने?" तिचा आवाज चढला. "चार महिने तुम्ही बेचव जेवताय, ताट पुसून खाताय आणि वर वाढ म्हणताय? सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

"सांगितलं असतं," अण्णा हळूच म्हणाले, "तर भांडं घेऊन तू माझ्याकडे कशाला आली असतीस?"

दुकानवाल्या बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

सूनबाई रागात होती आणि रडवेलीही, दोन्ही एकदम. ती उठली, ओट्यावर पाणी उकळत ठेवलं आणि बाराच्या बारा बाटल्या मोठ्या भांड्यात पिळून रिकाम्या केल्या. "बाई, तुम्ही तासभर थांबा. हुंगायचं काम तुमचं." मग पदर खोचून ती अण्णांकडे वळली. "आणि तुम्ही इकडे या. वासाचं सोडा. हेच मेण परत निवल्यावर बाटलीत घट्ट बसायला नको. तेल आणखी किती घालू?"

अण्णा उठले. भांड्यात डोकावले. सवयीने त्यांचे डोळे मिटले, मान छताकडे वळली. मग त्यांनी डोळे उघडले.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "दोन चमचे घालून बघू. नाहीच जमलं तर परत करू."

सूनबाईने खोबरेलची बरणी त्यांच्या हातात दिली.