पुंडलिकच्या खाचराचा फोटो

अरे तू नुसता ऐक. मधी बोलायचं नाय, हसायचं नाय. चहा थंड झाला तर होऊ दे.

आमच्या खारातला, म्हंजी खाडीकाठच्या बांधामागल्या भातशेतीतला पुंडलिक तुला म्हाईत हाय ना? तोच, ज्याच्या आधार कार्डावर डोळं मिटलेलं आन् तोंड उघडं. रेशनच्या दुकानात कार्ड पुढं केलं की दुकानवाला इचारनारच, "काका, फोटो काढताना जागं व्हतात ना?" दर महिन्याला! बारा वर्सं! माणसानं सोसायचं तरी किती?

तर ह्या पावसात काय झालं, तिकडं नागोठण्याला अंबा नदी चढली, इकडं खाडीला उधाण आलं, आन् आमच्या बांधाला ही एवढी खांड गेली. बैलगाडी जाईल एवढी. तीन दिवस सगळं खार पाण्याखाली. पाणी उतरलं तर भात कसं पडलेलं सांगू? हळदीच्या दुसऱ्या दिवशी मांडवात वऱ्हाडी पडलेले असतात ना, तसं. कोणाचं डोकं कोणाच्या पायावर, काय पत्ता नाय.

खांड बुजवून झाली आन् तलाठी नमिता मॅडम आल्या. म्हनाल्या, "बेस्तरवारी ड्रोन येणार. वरून प्रत्येकाच्या शेताचा फोटो काढणार. कोणाचं किती गेलं, कोणाला किती भरपाई, ते फोटोवरनं ठरणार. तुम्ही घरी बसा."

शेजारचा मोरू लगेच घरी गेला आन् बसला. त्याला बसायला फकस्त सांगावं लागतं.

पुंडलिकनं घरी येऊन बायकोला सांगितलं. पुतळी सुके बोंबील निवडत होती, ती तशीच उठली.

"फोटो? आपल्या शेताचा? ह्या अवतारात?"

"अगो, बुडालेल्या शेताचाच फोटो काढायचा हाय."

"सरकारी फोटो हाय नव्हं? सरकारी फोटो परत बदलत नाय. तुमचं आधार बगा!"

पुंडलिकनं डोकं खाजवलं.

"आन् तो फोटो मोबाईलवरनं फिरत फिरत रोह्याला गेला मंग? दाजी व्याही आधीच बोलतात, 'तुमच्या खारात पिकतं काय, चिखल?' आपल्या पोरीला, किमयाला जल्मभर ऐकवतील. पावना यायच्या आधी अंगण सारवतो का नाय आपन? मंग उठा!"

आन् उठले रे दोघं! बुधवारचा आख्खा दिवस. आडवं भात उचलायचं, चार-पाच रोपं जवळ घ्यायची आन् पुतळीच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी बांधून उभं करायचं. पातीवर गाळ होता तर पुतळी म्हनली, फोटोच्या आधी तोंड नको धुवायला? पुंडलिकनं वरच्या तळ्याचं गोडं पाणी खाचरात सोडलं, एकदा भरलं, बांधाच्या उघाडीच्या दारातनं काढलं, परत भरलं. मधी मधी टक्कल पडलेलं, तर पुतळीची बहीण मालू गागोद्याहून उरलेली रोपं घेऊन एसटीनं आली. कंडक्टर बोलला, ह्या भाऱ्याचं हाफ तिकिट. मालू बोलली, "मांडीवर घेते, मंग?"

बेस्तरवारी दोघं बांधावर उभे. पुतळी किमयाच्या लग्नातल्या साडीत. पुंडलिक इस्त्रीच्या शर्टात, खाली चड्डी, कारण फोटो वरून हाय ना!

ड्रोनवाला निकेश पेणवरनं आलेला, गॉगलबिगल लावून. घुर्रर्र करून ते यंत्र वर गेलं. मॅडम पडद्यात बघतायत. सगळं खार तपकिरी, तपकिरी, तपकिरी, आन् बरोब्बर मधी एक पोपटी चौकोन. फाटक्या गोधडीला नवं ठिगळ लावल्यासारखा!

"वा!" मॅडम म्हनाल्या. "पुंडलिककाका, तुमचं नुकसान शून्य टक्के. अभिनंदन!"

पुंडलिक पण आधी हसला रे. खरंच हसला. मंग डोक्यात प्रकाश पडला.

"अवो मॅडम, शून्य कसं? मेलंय ते! आमी नुसतं उभं केलंय!" त्यानं एक रोप उपटून दाखवलं. मूळ काळं, कुजकं. "हे बगा!"

"काका, यंत्राला मूळ दिसत नाय. यंत्राला हिरवं दिसतं."

"पन मेलेल्या शेताला सजवायला तुम्हांला सांगितलं कोणी?" निकेशनं इचारलं.

पुंडलिकनं पुतळीकडं बघितलं. पुतळीनं खाडीकडं.

मॅडम भल्या बाई. म्हनाल्या, तक्रार लिहून द्या, पुढच्या बेस्तरवारी एकदाच परत उडवू. तेव्हा दिसेल ते पक्कं.

झालं! आता उलटं काम. दोघांनी सगळ्या चिंध्या सोडल्या. आता पडंल, मंग पडंल. पडतंय कुठलं! पुंडलिक रोज सकाळी बांधावर जाऊन भाताला शिव्या घालायचा. "पड की रं! तवा तीन दिस लोळत व्हतास, आताच कशी लाज वाटाया लागली?" मोरू त्याच्या घरातनं ओरडायचा, "पुंडलिक, त्याला झोपेचं गाणं म्हन!"

दुसरा बेस्तरवार उजाडला. भात ताठ. पुतळी बोलली, "म्हस सोडा. अर्ध्या तासात सपाट करंल."

पुंडलिकनं राधीला आणली. वर ड्रोन घुरघुरायला लागला. राधीनं मान लांब केली, जीभ बाहेर काढली, आन् पुंडलिक खाली वाकला. बुडख्यात बघितलं. नवे फुटवे! सुईवाणी, पोपटी. एक रोप उपटलं. मूळ पांढरं. तोंड धुवायला सोडलेल्या पाण्यानं मातीतलं सगळं मीठ धुऊन नेलेलं!

"पुतळे! अगो हे जित्तं हाय!"

"म्हस बी जित्ती हाय! सोडा लवकर, ड्रोन आला!"

"कसं सोडू गो? पोटच्या पोरावानी उचलून उभं केलंय."

पुतळी बी वाकली. तिनं एक फुटवा दोन बोटांत धरला. मंग पदर खोचला आन् राधीचं दावं धरलं. आता राधी पुढं, हे दोघं मागं! वढावढी, वढावढी, आन् धप्पकन् तिघंबी चिखलात. भातात नाय पडले हां, बांधाच्या ह्या बाजूला, मोरूच्या खाचरात. तिथं काय, शंभर टक्के गेलेलंच होतं.

मॅडमनी बांधावरनं इचारलं, "काय लिहू काका?"

चिखलातनं पुंडलिक बोलला, "लिवा शून्य."

आता दसरा झाला. मोरूला भरपाई आली, त्यानं नवा मोबाईल घेतला. पन आख्ख्या आमच्या खारात कापनी चाललीय ती एकट्या पुंडलिकची. परवा मोरू आला, म्हनला, "दादा, बैलाला पेंढा दे. मोबाईल खात नाय तो."

आन् तो पहिल्या बेस्तरवारचा फोटो? निकेशनं मोठा करून दिला. पुंडलिकच्या भिंतीवर टांगलाय, दाजी व्याही येऊन बघून गेले, चिखलाचं नाव काढलं नाय. हिरवंगार शेत, बांधावर पुतळी साडीत कशी झकास. आन् बाजूला पुंडलिक, वर बघतोय, उन्हानं डोळं मिटलेलं, तोंड उघडं.

हसू नकोस रे! खरं सांग. वर ड्रोन, हातात दावं, खाली फुटवे. तू असतास तर म्हस सोडली असतीस?